हलाल हनिमून, मुरूड स्टाइल!

सासर भडगावचं, पाणी बघितलं ते गिरणेचं. नोकऱ्या दोघांच्या पुण्यात, रजा जुळता जुळेनात. आमचा हनिमून दोन वर्षं पेंडिंग! मैत्रिणीनं तुर्कस्तानातल्या अलान्याचा फंडा दिला: भूमध्य समुद्र, दारू नसलेली हॉटेल्स, बायकांसाठी वेगळा पूल. आयडिया झकास, पण बजेट? ईदला घरी गेलो होतो, तिथूनच निघालो. पाचोऱ्याहून रेल्वेनं मुंबई, मांडव्याची बोट, मग अलिबाग-रेवदंडामार्गे मुरूड.

इथं 'गोश्त हलाल आहे ना?' असं दबक्या आवाजात विचारावं लागत नाही. कोकणी मुस्लिमांची जुनी वस्ती आहे. शिवाय मासळीला जबिहाची अट नाही, तेव्हा सुरमई आणि तांदळाची भाकरी बिनधास्त हाणा!

राजापुरीहून शिडाच्या होडीनं जंजिरा गाठला. अरबीत 'जझीरा' म्हणजे बेट, त्यावरून हे नाव. सिद्दींचं संस्थान १९४८ पर्यंत टिकलं. चहूकडे खारं पाणी अन् किल्ल्यात गोड्या पाण्याचे तलाव!

संध्याकाळी मात्र माझी परीक्षा होती. वेगळा पूल इथं कुठला? हिजाब-सलवारीसकट गुडघाभर पाण्यात उतरले, लोक बघतील म्हणून अंग चोरून. यानं हात धरला. भडगावच्या भरल्या घरात त्यानं तो कधीच धरला नव्हता. कुणी वळूनही पाहिलं नाही. अंधार पडेपर्यंत आम्ही पाण्यातच.

पावसाळ्यात होड्या बंद असतात, थंडीत जा. आणि घरी 'ऑफिसचं काम' सांगू नका. आम्ही 'हनिमून' असंच सांगितलं. सासूबाई लाजल्या, पण कळण्याची भाकरी अन् ठेचा बांधून दिलाच!