गिरणाकाठी उतरलेली चित्रं

अँटेना बसवणं हे भडगावातलं माझं पोटापाण्याचं पहिलं काम. दूरदर्शनच्या दिवसांत धाब्यावर नाहीतर पत्र्यावर चढायचं, ॲल्युमिनियमच्या काड्यांची अँटेना पाइपाला बांधायची, खाली घरातल्या पोराला "आलं का रे?" विचारत पाइप फिरवायचा आणि "आलं आलं, थांबा!" ऐकू आलं की नटबोल्ट आवळायचे. पुढं डिश आली, मग मोबाइल आले. दुकानात रेडिओ येईनासे झाले. आता चार्जिंगच्या पिना बदलणं आणि शेतातल्या मोटारींचे स्टार्टर दुरुस्त करणं यावर दुकान चालतं. पण पडद्यावरच्या मुंग्यांतून एकाएकी चेहरा उमटायचा, त्या क्षणाची गोडी हाताला लागली होती ती लागलीच. तीच मला उपग्रहांपर्यंत घेऊन गेली.

हौशी रेडिओवाल्यांना जगभर हॅम म्हणतात. परीक्षा देऊन, सरकारी परवाना काढून ते आपल्या रेडिओवरून एकमेकांशी बोलतात. या हौशी मंडळींचे स्वतःचे उपग्रहही आहेत. पहिला ऑस्कर-१, १२ डिसेंबर १९६१ रोजी अमेरिकेतून वर गेला. इस्रोनंही ५ मे २००५ रोजी पीएसएलव्ही-सी६ वरून हॅमसॅट सोडला होता आणि तो २०१४ पर्यंत हौशींच्या उपयोगी पडला. मला यातलं सगळ्यात भावलं ते हे, की हौशी उपग्रहाला आपलं बोलणं कुलूपबंद करता येत नाही. अर्थ लपवण्यासाठी संदेश सांकेतिक करायचा नाही, असा आंतरराष्ट्रीय नियमच आहे. उपग्रहाला आज्ञा देणारे संदेश तेवढे वगळले, तर बाकी सगळं उघड्यावर. ज्याच्याकडे अँटेना आहे त्याचं ते. मी प्रक्षेपण करत नाही, फक्त ऐकतो. आणि ऐकणाऱ्याला तू कोण, कुठला, असं तिथं कुणी विचारत नाही.

२०२०च्या डिसेंबरात करोनामुळे बाजार सुस्त होता. हातात वेळ होता. आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकावरच्या हौशी रेडिओला २० वर्षं झाली म्हणून २४ ते ३१ डिसेंबरपर्यंत वरून चित्रं पाठवणार, असं वाचलं. वारंवारिता १४५.८०० मेगाहर्ट्झ. एका गिऱ्हाइकानं भंगारात टाकायला दिलेली दूरदर्शनची जुनी अँटेना माळ्यावर पडून होती. तिच्या लांब काड्या मापानं कापल्या, मधली काडी साधारण एक मीटर ठेवली, तिच्या मागं थोडी लांब, पुढं थोडी आखूड. दांडा म्हणून शेतातला उरलेला पीव्हीसी पाइप. वायर केबलवाल्याची, आरजी-६. खाली लॅपटॉपला आरटीएल-एसडीआर नावाचं बोटभर डोंगल. हे डोंगल मुळात संगणकावर टीव्ही पाहण्यासाठी बनलं होतं. हौशी लोकांनी त्याच्यातून बऱ्याच लहरींचा रेडिओ काढला.

अवकाशस्थानक ४०० किलोमीटरवरून जातं, सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगानं. क्षितिजावर उगवून मावळेपर्यंत फार तर दहा मिनिटं मिळतात. येताना त्याची वारंवारिता थोडी चढी मिळते, जाताना उतरते. म्हणून रेडिओ आधी तीन-साडेतीन किलोहर्ट्झ वर लावायचा आणि हळूहळू खाली आणायचा. भडगावला एक सोय आहे. भोवती उंच इमारती नाहीत. गिरणेच्या अंगाला तोंड करून उभं राहिलं की आभाळ पार जमिनीपर्यंत मोकळं मिळतं. मोठ्या शहरातल्या हौशी माणसाला हे भाग्य नाही.

चित्रं उतरवायच्या पहिल्या रात्री थंडी कडाक्याची होती. मी गच्चीवर अँटेना हातात धरून नैर्ऋत्येकडे वळलो. आधी नुसती खरखर. मग ती एकदम दबली, जणू कुणी हात ठेवला, आणि एक लांब शीळ, तिच्यामागून टिकटिक करत जाणारा, वर-खाली होणारा किरकिरा सूर सुरू झाला. आई खालून जिन्यात आली.

"हाऊ कसाना आवाज शे रे?"

"फोटोना शे, माय."

तिनं पदर डोक्यावर घट्ट ओढला आणि तिथंच पायरीवर बसली. लॅपटॉपवर एक-एक ओळ वरून खाली उतरत होती. आधी निळसर पट्टा, मग अक्षरांची वरची बाजू, मग अक्षरं. दोन मिनिटांत ६४० बिंदू रुंद आणि ४९६ ओळींचं पूर्ण चित्र. माझ्या मनगटाला रग लागली होती, पण पाइप खाली ठेवायचं धाडस होईना.

या पद्धतीचं नाव स्लो स्कॅन टेलिव्हिजन. कॉप्थॉर्न मॅकडोनाल्ड नावाच्या अमेरिकेतल्या एका विद्यार्थ्यानं १९५०च्या दशकाच्या अखेरीस ती काढली. कल्पना इतकी सरळ आहे की दुरुस्तीवाल्या माणसाला ऐकताक्षणी पटते. चित्राचा प्रत्येक बिंदू म्हणजे एक सूर. काळ्याचा सूर १५०० हर्ट्झ, पांढऱ्याचा २३००, मधल्या छटा मधल्या सुरांत. ओळ संपली की १२०० हर्ट्झचा एक ठोका, तीच ती टिकटिक. कान तयार झाला की चित्र न बघताही सांगता येतं, आता आभाळाचा उजळ भाग चालू आहे, आता अंधाराचा. म्हणजे छायाचित्र कानानंही चाखता येतं. मोबाइलवर ॲप टाकून स्पीकरजवळ धरला तरी तो चित्र उमटवतो. मध्ये वायरसुद्धा लागत नाही.

थोड्याच दिवसांत एक गोष्ट ध्यानात आली आणि या छंदाचं तेच मला सगळ्यात जास्त विचार करायला लावणारं अंग वाटतं. माझ्या चित्रांवर भडगावचे वळ होते. रब्बीत शेतीची थ्री फेज लाइन काही दिवस रात्री असते. गव्हाला पाणी द्यायला लोक रात्री शेतात जातात. लाइन आली की मोटारी सुरू होतात, कुठं सैल जोड ठिणग्या टाकतो, कुठं धुळीनं माखलेल्या इन्सुलेटरवरून वीज झिरपते, आणि तेवढ्या ओळी चित्रात फाटतात. एलईडी दिव्यांमधली स्वस्त सर्किटं वेगळा पट्टा काढतात. लाइन गेलेली असताना घेतलेलं चित्र स्वच्छ. दुसऱ्या देशात त्याच फेरीत घेतलेलं तेच चित्र मी पाहिलं आहे. त्याच्यावर तिथला गोंगाट होता, माझ्या चित्रावर इथला. ज्या गावात चित्र उतरलं त्या गावाची खूण त्याच्यावर राहते. मी ती पुसून काढत नाही. कोणत्या चित्राच्या वेळी कुठली लाइन चालू होती ते मागं लिहून ठेवतो, आणि त्यावरून दोनदा शेजारच्या शेतकऱ्याचा सैल जोड दिवसाउजेडी शोधून दिला.

अमेरिकेचे हवामान उपग्रह हौशी लोकांचे नव्हेत, पण त्यांचाही माझ्यावर उपकार आहे. नोआ-१५, १८ आणि १९ हे तिघं १३७ मेगाहर्ट्झवर सेकंदाला दोन ओळी या गतीनं खालची जमीन आणि ढग दाखवत जायचे, ज्याला हवं त्याला. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ अरबी समुद्रातून वर सरकत होतं, तेव्हा त्याचा भोवरा मी गच्चीवरून उतरवून घेतला. दुकानात केळीचे बागायतदार बसले होते. केळीवाल्याला वाऱ्याची धास्ती काय असते ते खानदेशात सांगावं लागत नाही. घड लागलेलं झाड एका झोतात आडवं होतं. टीव्हीवर तेच वादळ दिवसभर दिसत होतं, तरी ते सगळे माझ्या करड्या, रेघा पडलेल्या चित्रावर वाकले. एकानं समुद्राच्या कडेवर बोट ठेवून विचारलं, "हे आत्ताचं?" आत्ताचंच होतं. जून ते ऑगस्ट २०२५ या काळात ते तिन्ही उपग्रह एकामागून एक बंद करण्यात आले. नोआ-१५ तर १९९८ सालचा, दोन वर्षं चालेल म्हणून सोडलेल्या यंत्रांपैकी. १९ ऑगस्टला तोही गप्प झाला. मला घरातलं माणूस गेल्यासारखं वाटलं, आणि ते सांगायला मला संकोच नाही.

अवकाशस्थानकाच्या चित्रांत मात्र एक उणीव होती. ती खाली तयार करून वर पाठवलेली चित्रं असतात. सणावाराला, वर्धापनदिनाला परत खाली येतात. मला हवं होतं ते हौशी उपग्रहानं स्वतः पाहिलेलं. हौशी उपग्रहावर कॅमेरा ठेवायची कल्पना जुनी आहे. इंग्लंडमधल्या सरे विद्यापीठाचा यूओसॅट-ऑस्कर-९ ऑक्टोबर १९८१ मध्ये वर गेला, त्याच्यावर २५६ बाय २५६ बिंदूंचा सीसीडी कॅमेरा होता, खिशातल्या फोनमध्ये डिजिटल कॅमेरा येण्याच्या कितीतरी आधी.

माझी ती इच्छा सोनेट-२ नं पुरी केली. हा जर्मनीतल्या वुर्झबुर्ग विद्यापीठाचा छोटा उपग्रह, ४ मार्च २०२४ रोजी सोडलेला. कृत्रिम बुद्धिमत्ता अवकाशात कशी चालते हे तपासायला तो बनवला, पण विद्यापीठानं त्याच्यावर हौशींसाठी १४५.८८० मेगाहर्ट्झचं प्रक्षेपणही ठेवलं आणि आपल्या कॅमेऱ्यांची चित्रं तो त्यावरून पाठवू लागला. अवकाशस्थानकापेक्षा आवाज क्षीण. गच्चीवरून जमेना म्हणून नदीकाठच्या शेतात गेलो, तारांपासून लांब. नववीत शिकणारी पुतणी सोबत होती. तिच्याकडे लॅपटॉप, माझ्या हातात अँटेना.

उपग्रहाच्या अँटेनाची दिशा आपल्या दृष्टीनं बदलत राहते, तसा सूर मध्येच बुडतो. तेव्हा अँटेना नुसती त्याच्या दिशेला धरून भागत नाही, मनगटही फिरवावं लागतं. आडव्या काड्या तिरक्या केल्या, अजून थोड्या, आणि बुडालेला सूर पुन्हा वर आला. हा हात चित्र बघून चालत नाही, कानानंच चालतो. पुतणी ओरडली, "काका, तसंच धरा, हलू नका!" चाळीस वर्षांपूर्वी खालून पोरं जे ओरडायची तेच, फक्त आता पडद्यावर रामायण नव्हतं.

वरचा भाग काळा आला. मी म्हटलं, गेलं वाटतं. मग काळ्याखाली एक बारीक निळी रेघ उगवली, ओळीगणिक जरा वाकत गेली, आणि तिच्या पोटात पांढरे पुंजके भरू लागले. पृथ्वीची कड होती ती. ढग होते. खालचा एक तृतीयांश भाग खरखरीनं खाल्ला, पण कड शाबूत राहिली. पुतणी पुस्तकात पृथ्वी गोल असल्याचं पहिलीपासून वाचत आली आहे. त्या दिवशी तिनं पट्टी लॅपटॉपच्या पडद्यावर आडवी ठेवून कड पट्टीपासून किती सुटते ते मोजलं.

हौशी लोकांना चित्रं पार चंद्राजवळूनही आलेली आहेत. चीनच्या हार्बिन इथल्या संस्थेच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला लाँगजियांग-२ हा लहानसा उपग्रह २०१८ मध्ये चंद्राभोवती फिरू लागला. त्याच्यावर हौशींसाठी रेडिओ आणि इवलासा कॅमेरा होता. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्यानं चंद्राची पाठची बाजू आणि तिच्यामागं निळी पृथ्वी एका चौकटीत टिपली, आणि ते चित्र नेदरलँड्समध्ये ड्विंगेलो इथल्या २५ मीटर व्यासाच्या जुन्या दुर्बिणीवर हौशी स्वयंसेवकांनी उतरवून घेतलं. जी दुर्बीण एकेकाळी खगोलशास्त्रज्ञांची, ती आता हौशींनी जपलेली. आपल्याकडे नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीच्या ४५ मीटरच्या ३० तबकड्या आहेत. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी शियापारेल्ली हे यान मंगळावर उतरत असताना त्याचा क्षीण सूर त्या तबकड्यांनी पकडला होता. खोडदला विज्ञान दिनाच्या सुमाराला लोकांना आत जाऊ देतात. मी गेलो तेव्हा त्या तबकडीच्या जाळीखाली बराच वेळ उभा होतो. स्टीलच्या तारांची ती जाळी, खालून आभाळ आरपार दिसतं. वाऱ्याला वाट राहावी आणि वजन कमी व्हावं म्हणून प्रा. गोविंद स्वरूप यांनी ती तशी रचवली. हलकं आणि वाऱ्याला मोकळं ठेवायचं, हा नियम माझ्या काड्यांना आणि त्या जाळीला एकच लागू आहे, हे तिथं कळलं, आणि मान ताठ झाली.

महाराष्ट्रातल्या पोरांनीही हे केलं आहे. पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांचा स्वयम् २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ वरून गेला, जेमतेम किलोभर वजनाचा. मुंबईच्या के. जे. सोमय्या संस्थेच्या विद्यार्थ्यांनी बनवलेलं हौशी रेडिओचं उपकरण १ जानेवारी २०२४ रोजी पीएसएलव्ही-सी५८ च्या शेवटच्या टप्प्यावर बसून वर गेलं. माझी इच्छा आहे की जळगाव-धुळ्याच्या मुलांचाही एक उपग्रह व्हावा, त्याच्यावर कॅमेरा असावा, आणि त्यानं तापी आणि गिरणा एका चित्रात दाखवाव्यात.

पुतणीचं मन उमका-१ नं वेधलं आहे. रशियात पोडोल्स्कच्या शाळेतल्या मुलांच्या हातचा हा उपग्रह जून २०२३ मध्ये वर गेला आणि ४३७ मेगाहर्ट्झवर चित्रं पाठवायचा. शाळेतली मुलं, हे तिला पुरेसं झालं. म्हणून आता त्या पट्ट्यासाठी अँटेना बनवणं चालू आहे. काड्या लहान, जेमतेम ३३ सेंटिमीटर, सगळी अँटेना एका हातात मावते. पण मापात दोन-तीन मिलिमीटरची चूकही तिथं चालत नाही. काड्या तिनं स्वतः कापून कानशीनं घासल्या आहेत. कनेक्टर तेवढे गोलाणी मार्केटमधून आणायचे राहिले आहेत. शनिवारी कुणी जळगावला निघालं की चिठ्ठी देणार आहे.