तापल्यावर बंद पडणारी

आमची फियाट सकाळी कधीच रुसली नाही. चोक ओढला, किल्ली फिरवली की दुसऱ्या-तिसऱ्या गुरगुरीला ती जागी व्हायची. दगा द्यायची ती वैशाखात, सोलापूरहून येताना, तामलवाडी मागे टाकून तुळजापूरचा घाट अर्धा चढल्यावर. आधी एक हिसका. मग लागोपाठ दोन. मग अण्णा कितीही पाय दाबोत, इंजिनाचा आवाज विरत जायचा आणि गाडी कडेला लागायची. बालाघाटाच्या तापलेल्या काळ्या कातळाशेजारी आम्ही चौघं कुठल्याशा बाभळीची विरळ सावली वाटून घ्यायचो. पाऊण तासानं तीच गाडी काही घडलंच नाही अशी सुरू व्हायची.

धाराशिवला आल्यावर गॅरेजात न्यावी, तर तिथं ती गुणी बाळासारखी चालायची. दोन उन्हाळे असे गेले. पेट्रोलचा पंप बदलून झाला, कार्बोरेटर खोलून धुतला, चारही प्लग नवे घातले. अण्णा शाळामास्तर, प्रत्येक बिल ते घडी घालून डायरीत ठेवायचे आणि त्याबद्दल एक शब्द बोलायचे नाहीत.

मग कुणीतरी चाचांचं नाव काढलं. पांढरी दाढी, कोपरापर्यंत मुरलेलं ग्रीस. त्यांनी बॉनेटला हातही लावला नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गुरुजी, थंड गाडीला मी काय विचारू? ती जिथं बंद पडते तिथं मला घेऊन चला. दुपारचंच जाऊ."

गेलो. मी मागच्या सीटवर, मांडीवर त्यांची हत्यारांची पिशवी. घाट उतरून खाली गेलो, वळलो, आणि चढाला लागल्यावर नेमक्या जागी तिनं हिसका दिला. चाचांचा चेहरा खुलला. तो आनंद मी विसरलेले नाही. नाडी हाताला लागल्यावर वैद्याचा चेहरा व्हावा तसा.

त्यांनी आधी पेट्रोलची नळी सोडून स्टार्टर मारायला सांगितला. पेट्रोल चुळकाचुळकानं उसळलं. नळी जागेवर बसवली, सांडलेलं पेट्रोल पुसलं, ते पुरतं वाळेपर्यंत थांबले. "पाणी आहे, आता दिवा बघू." कॉइलची जाड वायर डेल्कोच्या टोपणातून उपटली, कोरड्या फडक्यानं धरून तिचं टोक इंजिनाच्या लोखंडापासून बोटभर दूर ठेवलं. निळा, टच्चकन वाजणारा करंट यायला हवा होता. आला तो पिवळट, लेचापेचा, उन्हात नीट दिसेनासुद्धा. मग टोपण काढून त्यांनी मला जवळ बोलावलं. "पोरी, इथं बघ." स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकानं त्यांनी पॉइंट उघडले-मिटले. दर वेळी त्या इवल्या फटीत मोठी ठिणगी उडत होती. "जिथं पडायची तिथं पोचतच नाही. इथंच सांडतीय."

त्यांनी खिशातून करंगळीएवढा कंडेन्सर काढला, जुना सोडून तो बसवला. पॉइंट पॉलिश पेपरनं घासले, गेज घालून फट पाहिली. तिचं माप अर्ध्या मिलिमीटरच्याही आतलं. वायर पुन्हा धरली. निळा करंट! भर दुपारी दिसला, ऐकूही आला.

यातलं गणित मला पुढे कळलं आणि कळल्यावर जास्तच आवडलं. आपल्याला वाटतं, दोन टोकं जोडली की ठिणगी पडते. इथं उलटं आहे. पॉइंट जुळलेले असतात तोवर बारा व्होल्टच्या बॅटरीचा प्रवाह कॉइलमध्ये निमूट वाहतो आणि तिच्याभोवती चुंबकत्व साठवतो. पॉइंट उघडले, प्रवाह तुटला, की ते साठलेलं एकदम कोसळतं आणि आतल्या बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत हजारो व्होल्ट उठतात. म्हणजे ठिणगी ताटातुटीतून जन्मते. ती ताटातूट कशी स्वच्छ, झटक्यात व्हायला हवी! ते काम कंडेन्सरचं. तो तापून आतून निकामी झाला, की पॉइंट उघडताना प्रवाह तुटायला मागत नाही, फटीतून जळत राहतो आणि प्लगच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर दर सेकंदाला अशा शंभर ठिणग्या लागतात. एक, तीन, चार, दोन या क्रमानं चार सिलिंडरांना वाटलेल्या. निवल्यावर आमचा कंडेन्सर पुन्हा शहाणा व्हायचा, म्हणून गॅरेजात काहीच सापडत नव्हतं.

डिस्ट्रिब्यूटरला आपल्याकडचे मिस्त्री डेल्को म्हणतात. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन इंजिनिअरनं ही बॅटरी-कॉइलची पद्धत मोटारीत रुजवली; १९०९ साली त्यानं भागीदारासह काढलेल्या कंपनीच्या इंग्रजी आद्याक्षरांचा तो शब्द. ओहायोतल्या डेटन गावचं नाव त्यात दडलंय हे चाचांना ठाऊक नव्हतं, पण शब्द त्यांच्या तोंडी घरचा होता. आणि गाडी तरी कुठं परकी होती? कुर्ल्याची प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ साली उभी करणारे वालचंद हिराचंद जन्मानं सोलापूरचे. अण्णांना या गोष्टीचं फार अप्रूप. पाहुण्यांना गाडी दाखवताना ते हे सांगितल्याशिवाय राहत नसत.

आता अण्णा नाहीत, चाचाही नाहीत. आमची फियाट मात्र आहे. इलेक्ट्रॉनिक किट बसवा, पॉइंटची कटकटच मिटेल, असं जाणकार सांगतात आणि ते खरं आहे. तरी मी बसवलेलं नाही. पॉइंट झिजतात, जळतात, पण रस्त्याच्या कडेला टोपण काढून डोळ्यांनी बघता येतात. प्लगची फट मी अजून चाचांसारखी हॅक्सॉ ब्लेड घालून पाहते. ब्लेडची जाडी आणि हवी ती फट जवळपास एकच.

समोरच्या कप्प्यात एक नवा कंडेन्सर असतो, अण्णांच्या चौकटीच्या रुमालात गुंडाळलेला. परवा वैशाखातच सोलापूरहून परतत होते. घाट सुरू झाला तशी काच खाली केली, दुसरा गिअर टाकला. ती बाभळ मागे गेली. आवाज एकसारखा येत होता. तरी घाटशीळ येईपर्यंत मी कान देऊन बसले होते.