ठिगळ

दुखणें थांबलें म्हणजे तें सरलें, अशी आपणां सर्वांची एक गोड समजूत असते. माझीहि होती. त्या रात्रीं दादाच्या छातींत कळ आली, तेव्हां डॉक्टरांकडे जाण्याची गोष्ट त्यानेंच काढली होती. मीं त्याच्या हातीं लिंबू-सोडा देऊन म्हटलें, "पित्त असेल, सकाळीं पाहूं." सकाळची संध्याकाळ झाली. इस्पितळांत पोंचलों तों हृदयाच्या स्नायूचा एक भाग मेलेला होता. पण कळ थांबली होती, आणि आम्ही निर्धास्त झालों.

तिसऱ्या दिवशीं दादाला एकाएकीं धाप लागली. हातपाय गार पडले. डॉक्टरांनीं छातीला नळी लावली आणि त्यांचा चेहरा पालटला. आदल्या दिवशीं नसलेला एक खरखरीत आवाज प्रत्येक ठोक्याबरोबर येत होता. ध्वनिलहरींच्या चित्रांत उलगडा झाला : हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला भोक पडून डावीकडचें रक्त उजवीकडे घुसत होतें. डॉक्टर म्हणाले, "मेलेला स्नायु पहिल्या कांहीं दिवसांत मऊ पडतो. कोणाची बाहेरची भिंत फाटते, कोणाचा झडपेला आवरून धरणारा स्नायु तुटतो. यांचा मधला पडदा गेला."

रक्ताभिसरणाचा शोध लावणाऱ्या विल्यम हार्वेनें १६४९ सालीं अशाच एका रोग्याविषयीं लिहिलें आहे. त्याच्या शवांत डाव्या कप्प्याची भिंत बोट जाईल इतकी फाटलेली होती. हार्वेच्या हातीं पाहण्यापलीकडे कांहीं नव्हतें. मधल्या पडद्याचें भोक शिवल्याची हकीकत अमेरिकन शल्यवैद्य डेंटन कूली यांनीं प्रसिद्ध केली ती १९५७ सालीं.

परंतु शिवावें केव्हां? आमची आई गोधडी शिवतांना कुजकें कापड बाजूला टाकी. त्यावर टाका धरत नाहीं. दादाच्या हृदयाचेंहि तसेंच होतें. थांबावें तर भोकाच्या कडा घट्ट होतील. पण तोंवर माणूस टिकेल काय? महारोहिणींत फुगा घालून, त्याच्या फुगण्यामिटण्यानें हृदयाचा भार हलका करीत डॉक्टरांनीं पांच दिवस काढले, आणि मग ठिगळ लावलें. तें टिकलें.

एकदां मीं डॉक्टरांना भीत भीत विचारलें, "लौकर आलों असतों तर?" ते म्हणाले, "तुंबलेली रक्तवाहिनी वेळेवर उघडली, तर असे प्रकार फार कमी होतात."

दादा आतां रोज अंगणांत फेऱ्या घालतो. त्या रात्रीविषयीं तो कधींच बोलत नाहीं. परवां मी सरबतासाठीं लिंबू चिरीत होतों. "मला नको हं," तो म्हणाला. सहजच म्हणाला असेल. पण सुरी माझ्या हातांत थबकली.