पहिला अंदाज चुकला तरी...

मी कॉन्व्हेंटवाली, तेव्हा मंडळी, मराठीतल्या चुका पोटात घाला. तसंही लिहायचंय चुकांबद्दलच.

एम-थ्रीला केटी लागली आणि चार दिवस मी घरी फोनच केला नाही. मेसमध्ये मान खाली घालून जेवायचे. शेवटी रूम पार्टनरने वही उघडली, न्यूटन-रॅफसन काढलं.

"दोनचं वर्गमूळ काढ. अंदाज धर, कुठलाही."

मी धरला १. साफ चूक!

"आता त्याने दोनला भाग. भागाकार आणि अंदाज, दोघांची सरासरी घे. तो तुझा पुढचा अंदाज."

आलं १.५. मग १.४१६७. तिसऱ्या फेरीला १.४१४२. चार दशांश स्थळं बरोबर! रॅफसनने १६९० मध्ये छापलेली रीत, आणि मी सूत्र नुसतं घोकलं होतं.

"मग ही अडकते कुठे?"

"स्लोप शून्य झाला की. शून्याने भागणार कशी?"

म्हणजे अंदाज चुकला तरी बहुतेकदा निभतं; सपाटीवर बसून राहिलं की संपलं.

रात्री फोन लावला.

"आई, एम-थ्री राहिला."

"कितीने?"

"सहा मार्कांनी."

"मग जवळ आली होतीस की!"