थांबणारा दुश्मन

आमच्या धाकट्या मुलाचा उजवा हात लहानपणापासून कमजोर आहे. बोटं वळतात, पण हुकमी वळत नाहीत. ईदच्या सुट्टीत चुलतभाऊ जमले, की टीव्हीपुढे मारामारीचे गेम चालत. याची पाळी अर्ध्या मिनिटात संपे. मग तो उठून अम्मीच्या हाताखाली स्वयंपाकघरात जाई. कुणी त्याला हसत नसे. पण त्याचं ते मुकाट उठून जाणं मला फार लागे.

एकदा त्याच्या मामूने आपला जुना प्लेस्टेशन फोर आणि 'ड्रॅगन क्वेस्ट इलेव्हन' या जपानी गेमची डिस्क आणून दिली. पहिल्याच संध्याकाळी त्याने मला हाक मारली, "अब्बा, ये देखो. दुश्मन रुकता मेरे वास्ते!"

मी जाऊन पाहिलं. नायक आणि राक्षस समोरासमोर उभे. बाजूला यादी : हल्ला, मंत्र, बचाव. मुलगा जोवर काही निवडत नाही, तोवर कुणी तलवार उचलत नाही. पेशाने मी शिक्षक. गेम म्हणजे अभ्यासाचा शत्रू, हे माझं ठाम मत. पण 'रुकता' या शब्दाने मी खाली बसलो.

पुढे कुतूहलाने वाचत गेलो. या मालिकेचा पहिला गेम १९८६ साली जपानमध्ये एनिक्स कंपनीने काढला. रचनाकार युजी होरी. ज्याच्या बोटांत चपळाई नाही, त्यालाही गोष्ट शेवटास नेता यावी, अशी त्याची मांडणी होती. त्यात नायक मेला, तर तो पुन्हा राजासमोर उभा राहतो. जवळची निम्मी नाणी जातात. कमावलेला अनुभव मात्र जात नाही. वर्गात नापास झालेल्या मुलाला आपण एवढी तरी सवलत देतो का, असा प्रश्न मला पडला.

या लढाया कंटाळवाण्या आहेत, अशी चुलतभावांची तक्रार. ती अगदीच खोटी नाही. तोच राक्षस विसाव्यांदा आडवा आला, की मलाही जांभई येते. म्हणून जपानी रचनाकारांनी वेग आणला. १९९१च्या 'फायनल फँटसी फोर'मध्ये आपण विचार करत असतानाही घड्याळ चालू राहिलं. तरी १९९७च्या सातव्या भागात 'वेट' हा पर्याय होता. मंत्र किंवा औषध निवडेपर्यंत काळ थांबे. २०२३च्या सोळाव्या भागात मात्र लढाई पूर्णपणे हातघाईची झाली.

तो सोळावा भाग पुतण्याने नव्या यंत्रासह आणला. त्यातही सोय आहे. एक अंगठी घातली, की वार आपोआप चुकवले जातात. दुसरी घातली, की एकच बटण दाबत राहिल्याने नाना तऱ्हेचे वार होतात. मुलाने त्या घालून पाहिल्या आणि कंट्रोलर परत दिला. म्हणाला, "अब्बा, सब अंगूठीच करती. मैं क्या करूं?"

कुणाला त्या अंगठ्यांचा आधार वाटत असेल. त्यांना मी नावं ठेवणार नाही. पण मुलाच्या त्या प्रश्नाने मला फरक कळला. त्याला त्याच्या वतीने लढणारा नको होता. त्याला फक्त वेळ हवा होता. डोकं त्याचं, निर्णय त्याचा, हारही त्याचीच.

लांबीचं काय? 'ड्रॅगन क्वेस्ट इलेव्हन' सहज पन्नास-साठ तास खातो. मी भांडलो, परीक्षेच्या काळात कंट्रोलर कपाटात ठेवला. पण माझी दादी अमीर हमजाची दास्तान सांगायची, ती तरी एका रात्रीत कुठे संपत होती? त्या दास्तानचे उर्दूत ४६ खंड छापले गेले. लांब गोष्ट हा दोष नव्हे. शिवाय या गेममध्ये जो चपळ नाही, तो जास्त वेळ देऊन ताकद वाढवू शकतो. लांबी हीच दुबळ्याची शिडी. मात्र निव्वळ भरतीसाठी घातलेल्या लढाया ही शिडी नव्हे, शिक्षा आहे. थकणाऱ्या हाताला तर दुप्पट. २०१७ साली 'फायनल फँटसी ट्वेल्व्ह' नव्याने आला, तेव्हा त्यात वेग दुप्पट-चौपट करण्याची सोय दिली. अशी सोय सगळीकडे हवी.

आणखी एक दार बंदच राहिलं, ते भाषेचं. गेममधली सगळी बोलणी इंग्रजीत. मराठी नाही, उर्दूही नाही. मग मी शेजारी बसून वाचायचो आणि आमच्या घरच्या बोलीत सांगायचो. त्याचा अभ्यास बुडेल म्हणून चिडणारा मी, 'पुढे काय झालं' म्हणून इशाच्या नमाजनंतर स्वतःच त्याला हाक मारू लागलो.

मॉर्डेगॉन या मोठ्या राक्षसाशी दोनदा हरलो. तिसऱ्या रात्री लढाई ऐन भरात असताना मुलाचा हात आखडला. त्याने कंट्रोलर मांडीवर ठेवला, पाणी प्यायला, बोटं चोळली. मी पडद्याकडे पाहिलं. मॉर्डेगॉन तसाच उभा होता, वाट पाहत.

त्या रात्री तो जिंकला. अम्मीला उठवून त्याने सांगितलं. मला झोप लागेना. माझ्या वर्गात फळ्यासमोर अडखळणारी मुलं आठवत होती. त्यांच्या उत्तरासाठी मी किती वेळ थांबलो होतो?