ओलाव्याला वाट हवी

पावसाळ्यात कुडव्यात रुग्णाच्या घरी गेलो, की त्याची नाडी हाती घेण्यापूर्वी माझी नजर खोलीतल्या दोरीकडे वळते. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाच्या चादरी आणि कपडे रोज धुवावेच लागतात. बाहेर झड लागलेली असते. मग घरातली सून किंवा मुलगी ते कपडे त्याच खोलीत वाळत घालते आणि म्हाताऱ्या जिवाला गारवा बाधू नये म्हणून खिडकीही लावून घेते. तिच्या सेवेत काहीच उणे नसते. परंतु कपड्यांतले पाणी नाहीसे होत नाही, ते खोलीच्या हवेत उतरते.

आपल्याकडे ज्याला ‘ड्रायर’ म्हणतात, ते बहुधा कपडे गरागरा फिरवून पिळणारे भांडे असते. त्यातून काढलेले कपडे ओलसरच असतात. ते वजनकाट्यावर तोलावेत आणि वाळल्यावर पुन्हा तोलावेत. एक किलोचा फरक म्हणजे एक लिटर पाणी, आणि ते सारे खोलीने पिऊन घेतलेले असते. अशा हवेत भिंतीवर बुरशी धरते, गादीत धूळकिडे वाढतात आणि दमेकऱ्याचा खोकला रात्री बळावतो.

अमेरिकेतील घरांत गरम हवेने कपडे वाळवणारी यंत्रे असतात. त्यांची दमट हवा एका नळीवाटे घराबाहेर सोडलेली असते. त्या नळीत कपड्यांचे सुटे धागे साचले, की कपडे वाळायला दुप्पट वेळ लागतो, यंत्र तापते आणि आगही लागू शकते. मुलांकडे परदेशी जाणाऱ्या ज्येष्ठांनी हे ध्यानी ठेवावे. आपल्या घरात त्या नळीचे काम खिडकी आणि एक्झॉस्ट पंखा करतात.

दम्यात हवा छातीत शिरते, पण बाहेर पडताना अडते. खोलीलाही हाच आजार जडतो आणि त्याचे निदान सोपे आहे. पंखा सुरू करून पातळ कागदाची पट्टी त्याच्या जाळीसमोर धरावी. ती ओढली गेली नाही, तर खोलीचे दार थोडे उघडावे. आता पट्टी ओढली गेली, तर पंखा ठीक आहे. बाहेरून हवा आत येण्यास वाट नव्हती, एवढेच. तरीही ती हलली नाही, तर वीज बंद करून पात्यांवरची जळमटे काढावीत आणि बाहेरच्या झडपा अडकल्या आहेत का, तेथे पाखराने घरटे केले आहे का, हे पाहावे. हे काम वृद्धांनी स्टुलावर चढून करू नये.

पावसात बाहेरची हवाही दमट असते, हे खरे. परंतु ओल्या कपड्यांनी भरलेली बंद खोली त्याहून वाईट. म्हणून कपडे छपरीत किंवा दुसऱ्या खोलीत, वीतभर अंतर ठेवून, पंख्याखाली वाळवावेत. आर्द्रतामापक असल्यास आकडा ६० टक्क्यांच्या आत राखण्याचा प्रयत्न करावा. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून कपडे मुळीच वाळवू नयेत; तिचा विषारी वायू वासाने कळत नाही आणि झोपेतच जीव घेतो.

खोलीची हवा सुधारली म्हणून इनहेलर परस्पर बंद करू नये. धाप वाढली, ओठ निळसर दिसले किंवा बोलताना वाक्य पुरे होईना, तर पाऊस उघडण्याची वाट न पाहता रुग्णाला दवाखान्यात न्यावे.