वजन उतरलें, तें कशाचें?

अलीकडे शाळेच्या आवारांत काय किंवा बाजाराच्या दिवशीं केशोरीच्या चौकांत काय, दोन मध्यमवयीन गृहस्थ भेटले म्हणजे पावसापाण्याच्या व धानाच्या गोष्टींच्या जोडीला एक तिसरा विषय निघतोच, आणि तो म्हणजे वजन. कोणी दोन किलो उतरल्याचें सांगतो, कोणी चार वाढल्याचें. सांगणारा व ऐकणारा दोघेही कांट्यावरचा आंकडा प्रमाण मानतात. उतरलें तें नेमकें काय उतरलें, हें विचारण्याची चाल अद्यापि पडलेली नाहीं. आम्हांस मात्र तो प्रश्न विचारणें भाग पडलें, आणि गेल्या दीड वर्षांत त्याचें जें उत्तर हातीं आलें तें विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवावें, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहीत आहों.

आमच्या वडिलांस मधुमेह होता. पायाच्या बोटास झालेली जखम भरून आली नाहीं व अखेर गुडघ्याखालचा पाय काढावा लागला. ते गेले त्या वेळीं त्यांचें वय आमच्या आजच्या वयाहून अवघ्या अकरा वर्षांनीं अधिक होतें. यामुळें उपाशीपोटीं तपासलेल्या आमच्या रक्तांतील साखरेचा आंकडा 118 आला, तेव्हां घरांत कोणी फारसें बोललें नाहीं. हा आंकडा शंभराच्या आंत असावा, आणि 126 वा त्याहून अधिक झाला म्हणजे त्यास मधुमेह म्हणतात, हें आमच्या घरीं सर्वांस ठाऊक आहे. उंची 165 सेंटिमीटर, वजन 74 किलो. डॉक्टरांनीं टेप घेऊन कंबर मोजली ती 98 भरली; आपल्याकडील पुरुषांची ती 90 च्या व स्त्रियांची 80 च्या आंत असावी असें मानतात. कागदावर हे सर्व आंकडे लिहून झाल्यावर ते म्हणाले, "सर, वजन उतरवा, पण मांस उतरवूं नका."

या वाक्याचा अर्थ आम्हांस तेथल्या तेथें पुरता समजला नाहीं. तो समजण्यास प्रथम वजन म्हणजे काय हें पाहिलें पाहिजे. शरीराच्या वजनांत हाडें आहेत, स्नायु आहेत, चरबी आहे, आणि पाणी तर सर्वांत अधिक आहे. कांट्यास यांतील भेद कळत नाहीं. 2024 च्या ऑगस्ट महिन्यांत पॅरिसच्या ऑलिंपिकांत विनेश फोगाट हिची हकीकत आमच्या विद्यार्थ्यांनीं ऐकलेलीच आहे. आदल्या दिवशीं 50 किलोच्या गटांत बसलेली ही कुस्तीगीर अंतिम कुस्तीच्या सकाळीं 100 ग्रॅम अधिक भरली व अपात्र ठरली. मधल्या रात्रभर जी धडपड झाली ती पाणी काढून टाकण्याची होती. एका रात्रींत चरबी वितळत नाहीं. पहिल्याच आठवड्यांत तीन किलो उतरल्याचें जे सांगतात, त्यांचेंही बहुतेक पाणीच गेलेलें असतें. पोटभर जेवून दोन दिवस झाले कीं तें परत येतें.

चरबीचा हिशेब मंद आहे. गणिताच्या विद्यार्थ्यांनीं तो करून पाहावा. शरीरांतील एक किलो चरबींत सुमारें 7700 कॅलरी उष्णता सांठविलेली असते. आमच्याएवढ्या वजनाचा मनुष्य पाऊण तास झपझप चालला तर साधारण 200 कॅलरी खर्च होतात. म्हणजे केवळ चालण्यानें एक किलो चरबी जावयास अडतीस दिवसांहून अधिक लागतील. परंतु चालण्याच्या जोडीला रोजच्या जेवणांतून 300 कॅलरी कमी केल्या (कोऱ्या तांदळाच्या हिशेबानें हें 100 ग्रॅमहूनही कमी होय), तर तेंच काम पंधरा-सोळा दिवसांत होतें. याहून अधिक घाई करणारास शरीर निराळ्याच तिजोरींतून पैसे काढून देतें. केवळ अन्न तोडून जें वजन उतरतें त्यांतील सुमारें चौथा हिस्सा चरबीचा नसतो. त्यांत स्नायूंचा वांटा मोठा असतो.

आतां कोणी म्हणेल, गेला थोडा स्नायु तर काय बिघडलें? आपणांस कोठें कुस्ती खेळावयाची आहे? येथेंच पुण्याच्या केईएम रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचें काम आमच्या उपयोगीं पडलें. 2004 सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत त्यांचें व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचें शेजारीशेजारी उभे असलेलें एक छायाचित्र प्रसिद्ध झालें. दोघेही अंगानें बेताचे. उंचीच्या मानानें वजनाचा जो अंक काढतात तो दोघांचाही 22.3, म्हणजे अगदीं निर्दोष. परंतु शरीरांतील चरबी मोजली तेव्हां युडकिन यांची शेंकडा 9.1 निघाली व याज्ञिक यांची शेंकडा 21.2! कांटा दोघांस एकच आंकडा सांगत होता, आणि एकाच्या अंगांत दुसऱ्याच्या दुपटीहून अधिक चरबी होती. याज्ञिकांनीं स्वतःचेंच शरीर पुराव्यादाखल पुढें केलें, हें आम्हांस फार आवडलें.

याचें मूळ त्यांस जन्माच्याही मागें सांपडलें. पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांची पाहणी त्यांनीं 1993 सालीं आरंभिली. तेथील नवजात बालकांचें सरासरी वजन 2.7 किलो भरलें, तर इंग्लंडांतील साउदॅम्प्टन येथील बालकांचें 3.5 किलो. आपलीं मुलें सर्वच बाबतींत लहान. हात, पाय, पोट सर्वच बारीक. मात्र पाठीच्या कातडीखालील चरबी त्या मानानें कमी नव्हती. पिढ्यान् पिढ्यांच्या अपुऱ्या अन्नांत गर्भानें स्नायूंवर काटकसर केली व चरबी राखली. दिसावयास सडपातळ, आंतून चरबीयुक्त, अशी ही आपली ठेवण. आणि जेवणानंतर रक्तांत आलेली साखर उचलून घेण्याचें काम मुख्यतः स्नायूच करितात. कोठार लहान असेल तर धान अंगणांतच पडून राहावयाचें! ज्याची मूळची शिल्लकच थोडी, त्यानें वजन उतरविण्याच्या भरांत तीही खर्चून टाकिली, तर साखरेचें दुखणें बरें होण्याऐवजीं त्याच्यापुढें नवें संकट उभें राहतें. डॉक्टरांच्या त्या वाक्याचा अर्थ हा होता.

आमच्या परिचयाचे एक शिक्षक एकवेळ जेवून तीन महिन्यांत नऊ किलो उतरले. विजार ढिली झाली, अभिनंदनें झालीं. पण गॅसचें सिलिंडर दारापासून स्वयंपाकघरांत नेण्यास त्यांस शेजारच्या मुलास हांक मारावी लागूं लागली. आपल्या महाराष्ट्रांत दोनच वेळां जेवण्याची जी पद्धत विदर्भाचे डॉ. श्रीकांत जिचकार यांनीं व्याख्यानांतून सांगितली व पुढें डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनीं गांवोगांव नेली, तिच्याविषयीं आम्हांस आदर आहे. खरी भूक लागेल तेव्हांच दोनदां, प्रत्येक वेळीं 55 मिनिटांच्या आंत जेवावें, मधल्या वेळांत तोंड बंद ठेवावें, आणि 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चालावें, हें तिचें सार. शिक्षकांच्या खोलींतील चहा-बिस्किटांचा रतीब पाहिला म्हणजे ही शिस्त किती हितकर आहे हें पटतें. (साखरेचीं औषधें घेणारांनीं मात्र डॉक्टरांस विचारल्यावांचून जेवणाच्या वेळा बदलूं नयेत.) परंतु चालण्यानें हृदय व फुप्फुसें यांस काम मिळतें, खांदे, पाठ व दंड यांस कोणी कामच सांगितलें नाहीं, तर शरीर त्यांस बिनकामाचे नोकर समजून रजा देतें.

म्हणून आम्हीं दोन्ही गोष्टी एकदमच आरंभिल्या. पहांटे पाऊण तास रस्त्यानें झपझप चालणें, इतकें कीं बोलतां येईल परंतु गातां येणार नाहीं. आणि एक दिवसाआड जोर, बैठका व ओझें. यास कोणतेंही यंत्र लागत नाहीं. अमरावतीच्या ज्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना 1914 सालीं झाली, त्यानें देशी व्यायामाचें मोल विदर्भास केव्हांच दाखविलें आहे. आम्ही आरंभीं भिंतीस हात टेकून जोर काढिले, मग बांकावर, मग जमिनीवर. जुन्या बारदानांत पांच किलो रेती भरली व ती छातीशीं धरून बैठका काढिल्या. दर पंधरवड्यास थोडी रेती वाढविली. दोन हातांत दोन भरल्या बादल्या घेऊन अंगणांत फेऱ्या घातल्या. सर्व मर्म त्या वाढत्या रेतींत आहे. तेंच ओझें वर्षभर उचलणारास शरीर नवें कांहीं देत नाहीं.

जेवणाची गोष्ट याहून अवघड. आमच्या भागांत ताट म्हणजे भाताचा डोंगर, त्याच्या पायथ्याशीं पातळ वरणाचा ओहोळ, आणि केशोरीच्या मिरचीचा ठेचा. ही मिरची आमच्या गांवाचें भूषण आहे खरी, परंतु तिच्या पायीं भात किती अधिक जातो याचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं! भातांत प्रथिनें असतात, पण थोडीं. 100 ग्रॅम कोऱ्या तांदळांत सुमारें आठ ग्रॅम, तर तितक्याच तुरीच्या डाळींत बावीसच्या आसपास. प्रौढ माणसास वजनाच्या दर किलोमागें 0.83 ग्रॅम प्रथिनें रोज हवींत असें भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनें ठरविलें आहे. वजन उतरविणारास व वृद्धांस याहून कांहीं अधिक लागतात. (मूत्रपिंडाचा विकार असणारांची गोष्ट निराळी; त्यांनीं वैद्यकीय सल्ल्यावांचून प्रथिनें वाढवूं नयेत.) आम्हीं भात निम्मा केला, वरण घट्ट केलें, सकाळीं दोन अंडीं, आणि सायंकाळीं बोडींतले मासे किंवा भिजविलेले हरभरे. लाखोरीची डाळही येथें पिकते व तिच्यांत प्रथिनें पुष्कळ. परंतु महिनोन् महिने मुख्य अन्न म्हणून तीच खाल्ल्यास पाय लुळे पडतात, म्हणून ती आम्हीं बेतानेंच ठेविली. उपासाच्या दिवशीं साबुदाणा खाऊन हलकें वाटतें असें आमचे शेजारी म्हणतात. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, हें त्यांस सांगण्याचें धैर्य आम्हांस अद्याप झालेलें नाहीं.

सहा महिन्यांनीं वजन 67 झालें व कंबर 88. साखर 101 वर आली. हे आंकडे आमच्या पत्नीस आनंद देऊन गेले, परंतु आमची खरी परीक्षा पुढें होती.

त्याच पावसाळ्यांत आमच्या मातोश्री अंगणांत घसरल्या व त्यांच्या खुब्याचें हाड मोडलें. शस्त्रक्रिया झाली, घरीं आणल्यावर कित्येक दिवस त्यांस खाटेवरून उचलून खुर्चीवर, खुर्चीवरून पुन्हा खाटेवर ठेवावें लागे. दिवसांतून सहा वेळां तरी आम्ही त्यांस उचलीत असूं, आणि त्यांस धक्का न लागतां उचलीत असूं. रेतीच्या त्या बारदानाचा उपयोग कशासाठीं होता हें तेव्हां आम्हांस कळलें. त्यांच्या मांड्या मात्र डोळ्यांदेखत झिजल्या. निरोगी वृद्ध माणूसही दहा दिवस अंथरुणास खिळला तर पायांचें जवळजवळ एक किलो मांस गमावतो, असें मोजून पाहिलेलें आहे; येथें तर दुखणें होतें आणि अन्नावर वासना नव्हती. भेटीस येणारे प्रेमानें सांगत, "आजींस आतां पेजच द्या, हलकें असूं द्या." डॉक्टरांचें सांगणें नेमकें उलट होतें: घट्ट डाळ, अंडें, मासा, आणि शक्य तितक्या लवकर पायांवर उभें करणें. मातोश्री प्रथम रागावल्या. "मी काय तालमींत जाणार आहें?" असें त्यांनीं विचारलें. तरी खुर्चीचे हात धरून उठणें व बसणें त्यांनीं आरंभिलें. पहिल्या दिवशीं दोनदां, महिन्यानें आठ वेळां. आज त्या काठी टेकून स्वतः न्हाणीपर्यंत जातात. आम्हीं उचलावें हें त्यांस आतां खपत नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यासाठीं दोन शब्द निराळे. तुमचें वय वजन उतरविण्याचें नाहीं, हाडें व स्नायु यांची भर घालण्याचें आहे. कांहीं मुली सडपातळ दिसावें म्हणून डबा तसाच घरीं नेतात, हें आमच्या दृष्टीस पडलें आहे. मातांनीं सायंकाळीं डबा उघडून पाहावा. उलट वरच्या वर्गांतील कांहीं मुलगे, ज्या डब्यांवर दगडासारखीं पोटें छापलेलीं असतात त्या पावडरीविषयीं आम्हांस विचारतात. आम्हीं त्यांस हिशेब करावयास लाविलें. एका मापांत सुमारें 24 ग्रॅम प्रथिनें निघालीं, म्हणजे चार अंड्यांइतकीं. त्यांपैकीं एकाच्या घरीं कोंबड्या आहेत, हें हिशेब संपल्यावर त्याच्या ध्यानांत आलें. हीं मुलें आतां सोमवारीं, बुधवारीं व शुक्रवारीं सकाळीं आमच्याबरोबर पटांगणावर जोर काढितात. पालकांपैकीं कोणास यावयाचें असल्यास फाटक साडेपांच वाजतां उघडतें. बादल्या मात्र ज्यानें त्यानें आपल्या आणाव्या.